खासगी गुप्तहेर व्हायचंय? ‘लायसन’ विकत घेण्याआधी पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं समजून घ्या

मागच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा आमच्या सेवा केंद्रावर आला. बारावी पास, घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. त्याने खिशातून एक प्लास्टिकचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. निळी पट्टी, त्याचा फोटो, वरच्या कोपऱ्यात सिंहांची राजमुद्रा आणि खाली ‘डिटेक्टिव्ह ऑफिसर, ऑल इंडिया परमिट’. “भाऊ, याची ऑनलाइन नोंद करून द्या न. ठाण्यात दाखवाले लागते म्हणे.” कार्डासाठी त्याने नऊ हजार भरले होते, बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशातून. मी सांगितलं, हे कार्ड चालत नाही, उलट जवळ बाळगशील तर तूच अडकशील. तो म्हणाला, “काहून? पैसे देल्ले न म्या!”

त्याला उत्तर देताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याच्यासारखे आणखी तिघे-चौघे वर्षभरात येऊन गेले, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

परवाना कोण देतं?

कोणीच देत नाही. भारतात खासगी गुप्तहेरासाठी स्वतंत्र परवान्याचा कायदा नाही. २००७ साली राज्यसभेत खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक मांडलं गेलं होतं, पण त्याचा कायदा झालाच नाही. त्यामुळे ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह लायसन’ देतो म्हणणारा माणूस जे अस्तित्वातच नाही ते विकतो आहे. अशा लोकांच्या कोर्सचं प्रमाणपत्र किंवा एखाद्या संघटनेचं सभासदत्व मिळालं, तरी तो परवाना होत नाही. तशी प्रमाणपत्रं भिंतीवर लावता येतील, त्यांनी अधिकार काही मिळत नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था नियमन कायद्यामुळे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (PSARA) बोलण्यात त्याला ‘पसारा’ म्हणतात. तो परवाना खरा आहे, पण सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीसाठी. फी एका जिल्ह्याला ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि पूर्ण राज्याला २५,००० रुपये. परवाना पाच वर्षांचा असतो. रक्षकाला १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानातलं प्रशिक्षण द्यावं लागतं. जिनिंग फॅक्टरीला किंवा गोदामाला वॉचमन पुरवायचे असतील तर हा परवाना काढा. तपासाचं काम करायचं असेल तर त्याचा उपयोग नाही.

आता त्या कार्डावरची राजमुद्रा. २००५ च्या राजचिन्ह कायद्यानुसार ती अशी वापरता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. आणि तेच कार्ड दाखवून कोणाला ‘मी सरकारी माणूस आहे’ असं भासवलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २०४ लागतं. त्यात कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आहे. त्या मुलाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्याने कार्ड उलटं करून ठेवलं.

मग पात्रता काय?

कायद्याने ठरवलेली अशी नाही. पण करार करायला वय १८ पूर्ण लागतं, आणि काम देणारे बारावी किंवा पदवी, दुचाकीचं लायसन, स्मार्टफोन आणि स्वच्छ पोलीस रेकॉर्ड पाहतात. माझ्या मते यापेक्षा मोठी पात्रता म्हणजे सरळ, तारीखवार अहवाल लिहिता येणं. आपल्याकडच्या पोरांना बोलतं करणं उत्तम जमतं. पानटपरीवर बसून दहा मिनिटांत गावाची खबर काढतील. पण तेच दोन पानांत लिही म्हटलं की हात अडखळतो. मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी लिहिण्याचा सराव करा.

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांनी नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) संस्थेची चौकशी जरूर करावी. घराजवळ असं शिक्षण मिळत असताना हजारो रुपये देऊन पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करण्यात अर्थ नाही.

नोंदणीचे खरे कागद

एकट्याने सुरुवात करणाऱ्याने एकल मालकीची फर्म करावी. भागीदारी किंवा एलएलपीचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा) खर्च पहिल्याच वर्षी डोक्यावर घेऊ नये. नावात ‘ब्युरो ऑफ इंडिया’, ‘सीबीआय’, ‘क्राइम ब्रँच’ असलं काही घालू नका.

पहिलं काम चारित्र्य पडताळणीचं. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फोटो, सही, आधार, रहिवासाचा पुरावा आणि जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला अपलोड करायचा. मग तुमच्या हद्दीच्या ठाण्यातून पडताळणी होते आणि प्रमाणपत्र पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मिळतं. ठाण्यात बोलावलं की मूळ कागद घेऊन स्वतः जा, दलाल पाठवू नका. या प्रमाणपत्राने तपासाचा अधिकार मिळत नाही. तुमच्यावर गुन्हा नाही एवढंच ते सांगतं. पण काम देणारा सगळ्यात आधी तेच मागतो.

दुसरी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ही पूर्णपणे मोफत आहे आणि शासनाच्या एकाच संकेतस्थळावर होते. पैसे मागणारी, हुबेहूब दिसणारी पानं खासगी असतात. आधार, पॅन आणि बँक खातं एवढंच लागतं. व्यवसायाचा प्रकार निवडताना ‘तपास कार्य’ म्हणजे ८०३०० हा संकेतांक घ्या. ८०१०० घेतला तर तुम्ही सुरक्षा एजन्सी म्हणून नोंदले जाल आणि पुढे कोणीतरी ‘पसारा’ मागेल. ही चूक मी दुसऱ्यांच्या अर्जात दोनदा दुरुस्त केली आहे.

आमच्याकडे अर्ज अडतो तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. आधारवर ‘रामेश्वर’, पॅनवर ‘रामेश्र्वर’, दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं. आधी नावं एकसारखी करून घ्या, मगच अर्जाला बसा.

तिसरा व्यवसाय कर. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात, त्याचं नावनोंदणी प्रमाणपत्र ऑनलाइन निघतं. बरेच जण हा टाळतात आणि दोन-तीन वर्षांनी व्याजासकट भरतात. शिवाय एकल मालकीच्या फर्मचं चालू खातं उघडताना बँक व्यवसायाचे दोन पुरावे मागते. उद्यम आणि व्यवसाय कर मिळून ते दोन होतात.

जीएसटी सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर सक्तीचा आहे. गावातून सुरुवात करणाऱ्याला पहिल्या दिवशी तो लागत नाही, पण काही मोठ्या कंपन्या जीएसटी क्रमांकाशिवाय यादीत घेत नाहीत. तेव्हा तपास सेवेचा संकेतांक ९९८५२१ लक्षात ठेवा. कार्यालय नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार विभागाकडे ऑनलाइन सूचना द्या. खेड्यात घरूनच काम असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन ठेवा.

काम कुठं मिळतं?

सिनेमातलं इथं काही नाही. यवतमाळ, वाशीम, वर्धा, चंद्रपूर या भागात नियमित पैसे देणारं काम म्हणजे विम्याची चौकशी. विमा कंपन्या ते तपास एजन्सींना देतात, आणि एजन्सींना तालुक्यात धावणारा माणूस हवा असतो. नागपूर-अमरावतीच्या एजन्सीकडे क्षेत्र तपासनीस म्हणून अर्ज करा आणि वर्ष-दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली शिका. विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीचा अंदाज काढणारा, वेगळा. त्याला विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना लागतो, तपासनीसाला नाही.

जीवन विम्याचं उदाहरण घेऊ. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. म्हणून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला की कंपनी चौकशी लावते. तपासनीस गावात जातो, ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत नोंदीची तारीख पाहतो. मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो. नोंद फार उशिराची असेल तर का, हे विचारावं लागतं. मग पोलीस पाटील, आशाताई, उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालयातले केसपेपर, वयासाठी शाळेचं रजिस्टर. आत्महत्या असेल तर तारखेला फार महत्त्व येतं, कारण साधारणपणे पॉलिसीच्या पहिल्या १२ महिन्यांत झालेल्या आत्महत्येत पूर्ण विमा रक्कम मिळत नाही, त्यानंतर मिळते.

इथं थोडं थांबून सांगतो. तुम्ही ज्या घरात बसलेले असता, तिथं भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. ती बाई तुमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवते आणि कागदांची पिशवी आणून देते. तुमच्या अहवालातल्या एका ओळीवर तिच्या मुलांची फी अवलंबून असते. खोटा दावा असेल तर तसं लिहाच. पण ‘शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार आजारी होता’ असं ऐकीव वाक्य दवाखान्याचा कागद न पाहता लिहू नका. आणि दावा पास करून देतो म्हणून पाचशे रुपये घेऊ नका. असं करणारे आहेत, मला माहीत आहे, आणि त्याचा संताप येतो.

दुसरं काम अपघात दाव्यांचं. प्रथम खबर (एफआयआर), घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, चालकाचं लायसन ताडून पाहायचं आणि अपघातातली गाडी खरंच तीच होती का, हे शोधायचं. तिसरं जमिनीचं. बाहेरचा खरेदीदार वकिलामार्फत चौकशी करतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, पण त्यातला ‘इतर हक्क’ रकाना आणि जुने फेरफार वाचता आले पाहिजेत. आपल्या भागात खातेदार आदिवासी आहे का, हे आधी पाहायचं, कारण ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. सरकारी कागद हवा असेल तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत.

सोयरिकीच्या चौकश्याही येतात. मुलाची नोकरी खरी आहे का, शेती सांगितली तेवढी आहे का, आधीचं लग्न झालंय का, एवढं कागदावरून आणि चार माणसांना भेटून कळतं. त्याच्या पुढे जाऊ नका.

कुंपण कुठं आहे?

‘पोरगी कॉलेजात कोणाशी बोलते ते पहा, पाठलाग करा’ असं काम घेऊन बाप येतो. घेऊ नका. स्त्रीचा तिच्या इच्छेविरुद्ध पाठलाग करणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. गुन्ह्याच्या तपासासाठी यात जी सूट आहे ती सरकारने जबाबदारी सोपवलेल्या माणसाला आहे. खासगी गुप्तहेराला म्हणून वेगळी सूट नाही.

कॉल रेकॉर्ड म्हणजे सीडीआर काढून देतो म्हणणाऱ्याचा नंबरही फोनमध्ये ठेवू नका. २०१८ साली ठाणे पोलिसांनी सीडीआर विक्रीचं प्रकरण उघडकीस आणलं तेव्हा खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशी माहिती बेकायदा मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे. दुसऱ्याचं बँक स्टेटमेंट काढणं, कोणाच्या फोनमध्ये ॲप घालणं, विचारल्याशिवाय घरात शिरणं, हेही त्याच वाटेवरचं. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि तो खेड्यातल्या माणसालाही तेवढाच आहे.

म्हणून प्रत्येक कामाआधी लेखी पत्र घ्या. अशिलाचं नाव, ओळखपत्राची प्रत, काय शोधायचं, कशासाठी, फी किती, आणि बेकायदा मार्ग वापरणार नाही अशी ओळ. अशिलाने त्या ओळीवर सही करायला नकार दिला तर काम सोडा.

फोटो-व्हिडिओ कोर्टात जायचे असतील तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे संगणकाने काढलेला फाइलचा अंगठ्याच्या ठशासारखा ओळख-क्रमांक, लिहायचं असतं. त्यामुळे मूळ फाइल मोबाइलमध्ये जशीच्या तशी राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत आकसते आणि तिचं हॅश बदलतं. वकिलाला मेमरी कार्ड द्या, फॉरवर्ड नको.

त्या मुलाच्या नऊ हजारांसाठी आम्ही सायबर गुन्ह्यांच्या १९३० क्रमांकावर तक्रार केली. पैसे अजून आलेले नाहीत. पण त्याचं चारित्र्य प्रमाणपत्र निघालं आहे, उद्यम झालं आहे, आणि सध्या तो एका एजन्सीसाठी पांढरकवडा-केळापूर भागात अपघाताचे कागद गोळा करतो. तुम्हाला यायचं असेल तर आधार, पॅन, शाळेचा दाखला, पासबुक, दोन फोटो आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सकाळी अकराच्या आत या. दुपारी आमच्याकडे लाइट जाते.