निनावी जाहिरात-जागा

ऑनलाइन प्रदर्शन जाहिरातींच्या (संकेतस्थळाच्या पानावर चौकटीत दिसणाऱ्या जाहिरातींच्या) व्यवहारात जाहिरात कुठे झळकली हे जाहिरातदाराला कळत नाही, अशा जागेला निनावी जागा म्हणतात. पैसे वळते होतात, जाहिरात किती वेळा दिसली आणि किती क्लिक आले हेही समजते. संकेतस्थळाचे नाव मात्र झाकलेले राहते. गुगलच्या जाहिरात अहवालात अशा जागा ‘अनॉनिमस डॉट गुगल’ या नावाखाली, त्याआधी अक्षरे-अंकांची माळ लावून दिसत.

नाव लपवण्यामागे बहुधा दराचे गणित असते. नामांकित संकेतस्थळ आपल्या पानावरच्या चांगल्या जागा स्वतःच्या विक्री विभागामार्फत चढ्या दराने विकते. उरलेल्या जागा लिलावात स्वस्तात जातात. त्या तिथे नावासकट दिसल्या, तर थेट गिऱ्हाईक महाग दर कशाला मोजेल? म्हणून उरलेला माल बिननावाचा विकायचा. हे कारण व्यापारी दृष्टीने रास्त आहे. अडचण अशी, की याच पडद्याआड चोरलेल्या मजकुराची आणि केवळ जाहिरातींसाठी उभारलेली संकेतस्थळेही बसतात. आतली जागा चांगली की वाईट, हे जाहिरातदाराला बाहेरून ओळखता येत नाही.

छापील वृत्तपत्रात हा प्रश्न उद्भवत नव्हता. जाहिरात छापली की बिलासोबत त्या अंकाची व्हाउचर कॉपी, म्हणजे पुराव्यादाखल एक प्रत, जाई. पान आणि शेजारची बातमी जाहिरातदार स्वतः पाहू शके. निनावी जागेत नेमका हा पुरावाच नाही, आणि या पद्धतीवरचा खरा आक्षेप तोच आहे.

नाव कळूनही ते कुणी पाहिले नाही, तर काय होते हे जेपी मॉर्गन चेस या अमेरिकी बँकेच्या उदाहरणावरून दिसते. तिच्या जाहिराती महिन्याला सुमारे ४,००,००० संकेतस्थळांवर दिसत. त्यांपैकी जेमतेम १२,००० ठिकाणी जाहिरात दिसण्यापलीकडे, क्लिकसारखे, काही घडत होते. एका प्रशिक्षणार्थीने ती १२,००० स्थळे एकेक करून उघडून पाहिली आणि २०१७ मध्ये बँकेने यादी ५,००० वर आणली. परिणामात फारसा फरक पडला नाही.

नावे उघड असतानाही तोतयेगिरी होतेच. फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राला २०१७ मध्ये आढळले, की आपल्या नावाने बनावट जागा विकल्या जात आहेत. त्यांची किंमत महिन्याला सुमारे १० लाख पौंड असावी असा त्याचा अंदाज होता. याच वर्षी आयएबी टेक लॅब या, ऑनलाइन जाहिरातींची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ ही पद्धत आणली: आपल्या जागा विकण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे संकेतस्थळाने एका साध्या मजकूर-फायलीत जाहीर करायचे. २०१९ मध्ये ‘सेलर्स डॉट जेसन’ आले. त्यात जाहिरात-बाजार चालवणाऱ्याने आपल्याकडच्या विक्रेत्यांची यादी, त्यांचा क्रमांक आणि तो विक्रेता स्वतः प्रकाशक आहे की मध्यस्थ, हे द्यावे लागते.

मात्र याच नियमात विक्रेत्याला ‘गोपनीय’ अशी खूण लावण्याची मुभा आहे. ती लावली, की नाव आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) गाळता येते आणि केवळ क्रमांक उरतो. त्यामुळे अनेक जाहिरातदार निनावी जागा सरसकट वगळतात, किंवा आधी ठरवलेल्या संकेतस्थळांच्या यादीतच खरेदी करतात.