परमवीर चक्र फक्त शहिदांनाच मिळतं का?

26 जानेवारीला आमच्या गावच्या शाळेत एक निवृत्त फौजी कोटावर पदकं लावून झेंड्याला येतात. एकदा एका पोरानं त्यांना विचारलं, "आबाजी, तुमी तं जित्ते आहा, मंग पदक कसं भेटलं?" आबाजी गप्पच झाले.

पोराचा दोष नाही. 'परमवीर चक्र शहीद झाल्यावरच देतात' हा मेसेज वऱ्हाडात वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणंही साहजिक आहे, कारण आजवरच्या 21 परमवीरांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळालं. पण उरलेले 7? त्यांनी ते हयातीत स्वीकारलं. 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून देणारा कारवारकडचा अधिकारी त्यांतलाच. 1999 च्या कारगिल युद्धातल्या 4 परमवीरांपैकी 2 जण जिवंत परतले.

आता नियम बघा. शत्रूसमोर गाजवलेलं असामान्य शौर्य 'किंवा' आत्मबलिदान, असा निकष आहे. त्याच वीरानं पुन्हा तसा पराक्रम केला, तर पदकाच्या जांभळ्या फितीवर पट्टी चढवायची तरतूदही आहे. पदक मेल्यावरच द्यायचं असतं, तर ही तरतूद आली असती का?

खात्री करायची तर सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर यादी आहे. नाव शोधा; मरणोत्तर असेल तर तशी नोंद दिसते. शाळेत भाषण लिहून देणाऱ्या गुरुजींनी तर ती एकदा उघडाच, मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे.