दुहेरी विधी पदवी : कॉमन लॉ आणि सिव्हिल लॉ

इंग्लंडमध्ये न्यायालयीन निर्णयांतून वाढलेली कॉमन लॉ पद्धती आणि रोमन कायद्याच्या वारशातून आलेली, प्रामुख्याने संहितांवर आधारलेली सिव्हिल लॉ पद्धती, या दोन्हींतील पदव्या एकाच विद्यार्थ्याने संपादन करण्याची शिक्षणव्यवस्था. सिव्हिल लॉ याचा अर्थ येथे दिवाणी कायदा असा नाही. एका विधिपरंपरेचे ते नाव आहे. दोन्ही पदव्या एकाच विद्यापीठाकडून, दोन देशांतील विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमातून किंवा एकीमागून एक अशा मिळवता येतात. एक पदवी घेताना दुसऱ्या पद्धतीचा एखादा विषय निवडणे अथवा परदेशात एक सत्र काढणे एवढ्याने पदवी दुहेरी ठरत नाही.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काहीजण तो मध्ययुगीन यूरोपात शोधतात. बोलोन्या व तिच्या धर्तीवरील विद्यापीठांत रोमन कायदा आणि चर्चचा कॅनन कायदा या दोहोंत पारंगत झालेल्यास उभय कायद्यांचा डॉक्टर ही पदवी मिळत असे. मात्र हे दोन्ही कायदे एकाच लॅटिन विद्वत्परंपरेतले. त्यांची परिभाषा आणि भाष्यपद्धती बव्हंशी सामाईक होती. कॉमन लॉ तर त्या काळी विद्यापीठांत शिकवला जातच नव्हता. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे रोमन आणि कॅनन कायद्याचे पाठ चालत, तर इंग्लिश कायदा लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये, वकिलांच्या सहवासात शिकला जाई. आठव्या हेन्रीने १५३५ मध्ये कॅनन कायद्याचे अध्यापन बंद केले, तरी रिकाम्या झालेल्या जागी इंग्लिश कायदा आला नाही. त्यासाठी विल्यम ब्लॅकस्टोन यांची १७५३ पासूनची ऑक्सफर्डमधील व्याख्याने आणि १७५८ मधील इंग्लिश कायद्याचे व्हिनेरियन अध्यासन येईपर्यंत दोन शतके जावी लागली. ऑक्सफर्डची बी.सी.एल. (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ) पदवीही या वादात पुरावा म्हणून पुढे केली जाते. तिच्या नावात सिव्हिल लॉ असला, तरी आज ती मुख्यतः कॉमन लॉमधील पदव्युत्तर पदवी आहे; तेव्हा तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

आरंभ कॅनडातील क्वेबेक प्रांतात मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिशांनी हा फ्रेंच मुलूख जिंकल्यावर १७७४ च्या क्वेबेक अधिनियमाने मालमत्ता व नागरी हक्कांपुरता जुना फ्रेंच कायदा पुन्हा लागू केला आणि गुन्हेगारी कायदा मात्र इंग्लिश ठेवला. पुढे १८६६ मध्ये लोअर कॅनडाची नागरी संहिता अंमलात आली आणि १८६७ च्या घटनात्मक कायद्याने मालमत्ता व नागरी हक्क हा विषय प्रांतांकडे सोपवला. परिणामी एकाच देशात खासगी कायदा दोन कुळांचा आणि संसद व सर्वोच्च न्यायालय मात्र एकच, अशी स्थिती कायम झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपैकी तीन क्वेबेकमधील असावेत, हा नियम याच स्थितीतून आलेला आहे.

माँट्रिऑलच्या मॅक्गिल विद्यापीठात विधी विद्याशाखा १८४८ मध्ये स्थापन झाली आणि तेथे साहजिकच क्वेबेकचा कायदा शिकवला जाई. रोमन-डच कायद्याचे अभ्यासक आर. डब्ल्यू. ली अधिष्ठाता असताना, साधारणतः पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, जोडीने कॉमन लॉची पदवी देण्याचा एक प्रयत्न झाला. तो फार काळ टिकला नाही. काही लेखक हेच आरंभबिंदू मानतात. परंतु खंड न पडता चालत आलेली व्यवस्था गृहीत धरायची, तर १९६८ हे वर्ष स्वीकारणे रास्त होय. मॅक्सवेल कोहेन अधिष्ठाता असताना त्या वर्षी ‘नॅशनल प्रोग्रॅम’ सुरू झाला. त्यात विद्यार्थी दोहोंपैकी एका पद्धतीची पदवी घेई आणि आणखी एक वर्ष दिल्यास दुसरीही मिळवी. १९९९ पासून ही निवड राहिली नाही: प्रत्येक विद्यार्थी १०५ क्रेडिट पूर्ण करून दोन्ही पदव्या घेऊनच बाहेर पडतो. कॉमन लॉच्या पदवीचे एलएल.बी. हे नाव २०१९ मध्ये बदलून जे.डी. (ज्युरिस डॉक्टर) करण्यात आले, सिव्हिल लॉच्या पदवीचे बी.सी.एल. हे नाव मात्र तसेच राहिले.

अध्यापन : जुनी रीत क्रमाची. आधी एक पद्धती पक्की करायची, मग दुसरी. ओटावा विद्यापीठात दोन्ही पद्धतींचे स्वतंत्र विभाग १९५० च्या दशकापासून शेजारी शेजारी आहेत आणि क्वेबेकच्या कायद्याचा पदवीधर तेथे एका वर्षात कॉमन लॉची पदवी घेऊ शकतो. मॅक्गिलची १९९९ नंतरची रीत याहून वेगळी. करार किंवा नुकसानभरपाईचा कायदा हे विषय पहिल्या दिवसापासून दोन्ही परंपरांतून एकत्र शिकवले जातात. मालमत्तेच्या कायद्यापुढे मात्र ही योजना आरंभी अडली आणि तो विषय बराच काळ दोन स्वतंत्र अभ्यासक्रमांत विभागलेला राहिला.

फरक किती मुळापर्यंत जातो, हे ‘डिकिन्सन विरुद्ध डॉड्स’ (१८७६) या इंग्लिश खटल्यात दिसते. डॉड्स याने डिकिन्सनला ८०० पौंडांना घर विकण्याचा प्रस्ताव १० जून १८७४ रोजी लिहून दिला आणि तो शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत खुला राहील असेही नमूद केले. गुरुवारीच त्याने घर दुसऱ्याला विकले. प्रस्ताव खुला ठेवण्याच्या वचनाला प्रतिफल, म्हणजे बदल्यात मिळणारा मोबदला, नव्हते, म्हणून ते वचन बंधनकारक नाही, असे अपील न्यायालयाने ठरवले. क्वेबेकच्या १९९४ पासून लागू असलेल्या नव्या नागरी संहितेचे कलम १३९० नेमके उलट सांगते: प्रस्तावाला मुदत जोडलेली असेल, तर ती संपेपर्यंत तो मागे घेता येत नाही. या संहितेत करारासाठी प्रतिफलाची अटच नाही. न्यासाचे (ट्रस्टचे) उदाहरण याहून अवघड. कॉमन लॉमध्ये न्यासातील मालमत्तेची विधिदृष्ट्या मालकी विश्वस्ताकडे आणि समन्यायाने (इक्विटी या पूरक न्यायतत्त्वांनुसार) लाभार्थीकडे असते. मालकी अशी दुभंगणे सिव्हिल लॉला मानवत नाही. त्यामुळे क्वेबेकच्या संहितेचे कलम १२६१ न्यासाची मालमत्ता स्वायत्त ठरवते आणि न्यास निर्माण करणारा, विश्वस्त किंवा लाभार्थी यांपैकी कोणाचाही तिच्यावर वस्तुगत हक्क (मालकीसारखा थेट वस्तूवरचा हक्क) नाही, असे स्पष्ट करते. मालकाविना मालमत्ता ही कल्पना कॉमन लॉमध्ये मुरलेल्या विद्यार्थ्याला सहसा चटकन पटत नाही.

दोन्ही पद्धती एकत्र शिकवाव्यात काय, हा प्रश्न तुलनात्मक कायद्याच्या अभ्यासातील एका जुन्या वादाशी जोडलेला आहे. पिएर लग्राँ यांच्या मते हे विचार करण्याचेच दोन भिन्न ढंग असून नियमांतील साम्य वरवरचे असते. मॅक्गिलचे एच. पॅट्रिक ग्लेन यांच्या मते परंपरांच्या सीमा कधीच बंदिस्त नव्हत्या आणि देवाणघेवाण हाच त्यांचा स्वभाव. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘भसीन विरुद्ध रिन्यू’ खटल्यात करारपालनातील प्रामाणिकपणाचे कर्तव्य कॉमन लॉमध्ये मान्य केले. क्वेबेकची संहिता सद्‌भावाचा व्यापक आग्रह आधीपासून धरत होती. अशी उदाहरणे ग्लेन यांच्या बाजूला झुकतात, जरी न्यासासारख्या ठिकाणी लग्राँ यांचा आक्षेप निकालात निघत नाही.

इतरत्र : लंडनचे किंग्ज कॉलेज आणि पॅरिस-१ विद्यापीठ यांचा चार वर्षांचा इंग्लिश व फ्रेंच कायद्याचा संयुक्त अभ्यासक्रम बहुधा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालू आहे: दोन वर्षे लंडनला, दोन पॅरिसला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचीही पॅरिस-१ शी अशी व्यवस्था आहे. लुइझियानात १८०८ पासून संहितेची परंपरा असूनही तेथील राज्य विद्यापीठाने जे.डी.च्या जोडीला सिव्हिल लॉची पदवी काही काळच दिली. स्कॉटलंड, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस व गोवा येथे दोन्ही परंपरांचे अंश एकाच कायद्यात मिसळलेले आढळतात. तुलनात्मक कायद्याचे अभ्यासक व्हर्नन पामर अशा प्रदेशांना कायद्याचे तिसरे कूळ मानतात. तेथील विद्यार्थी मिश्र कायदा शिकतो, पण त्याची पदवी एकच असते.

सनद : पदवी आणि वकिलीची सनद या दोन वेगळ्या गोष्टी होत. दुहेरी पदवीधराला क्वेबेकच्या बारची तयारी किंवा कॅनडातील अन्य प्रांतांतील प्रवेशप्रक्रिया यांपैकी कोणतीही वाट धरता येते. परीक्षा व उमेदवारी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी. न्यूयॉर्कमध्ये परदेशी पदवीधराला बार परीक्षेस बसू देताना त्याचे शिक्षण कॉमन लॉवर आधारलेले आहे काय हे पाहिले जाते, त्यामुळे तेथे दोहोंपैकी एकच पदवी उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी नवी सामाईक परीक्षा आली आणि कोणत्याही विषयाच्या पदवीधराला ती देता येते. कॅनडाच्या केंद्रीय सेवेत मात्र या पदव्यांना वेगळे महत्त्व आहे. २००१ च्या सुसंगतीकरण अधिनियमानंतर केंद्रीय कायद्यांची भाषा दोन्ही परंपरांना लागू पडेल अशी ठेवावी लागते, आणि मसुदा इंग्रजीत व फ्रेंचमध्ये सोबतच तयार होत असल्याने दोन्ही पद्धतींच्या संज्ञा अवगत असणारे मसुदाकार तेथे लागतात.