मतपत्रिकेवरचं चार नंबरचं छिद्र

दर चार वर्षांनी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "२००० साली राल्फ नेडरने मतं खाल्ली आणि अल गोर पडले." २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी धाकटे आणि जिल स्टाइन यांच्या निमित्ताने ते पुन्हा ऐकू आलं. हे वाक्य अगदीच खोटं नाही. पण त्या निवडणुकीतला सर्वांत विलक्षण भाग त्यात येतच नाही. फ्लोरिडात तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या क्रमांकाच्या उमेदवारांनी गोर यांची मतं तर खाल्लीच, पण त्याहून विलक्षण काम केलं ते मतपत्रिकेवरची जागा खाऊन. आणि हा नुसता तर्क नाही, संख्याशास्त्राने सिद्ध झालेली गोष्ट आहे.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेत अध्यक्ष थेट मतांनी ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, असतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर ज्याला राज्यात सर्वाधिक मतं त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. त्यामुळे १९९२ मध्ये अब्जाधीश रॉस पेरो यांना देशभरात १८.९ टक्के मतं मिळूनही एकही इलेक्टर मिळाला नाही, कारण एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत. उलट १९४८ मध्ये स्ट्रॉम थरमंड यांना जेमतेम २.४ टक्के मतं होती, पण ती दक्षिणेतल्या मोजक्या राज्यांत एकवटलेली असल्याने त्यांना ३९ इलेक्टर मिळाले. त्याच वर्षी हेन्री वॉलेस यांनाही २.४ टक्केच मतं होती आणि इलेक्टर शून्य. म्हणजे इथे किती मतं मिळाली यापेक्षा ती कुठे मिळाली हे जास्त महत्त्वाचं.

आता २००० साल. फ्लोरिडात २५ इलेक्टर पणाला लागले होते. सुमारे ६० लाख मतं पडली आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश डेमोक्रॅट गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहून जिंकले. ग्रीन पक्षाच्या नेडर यांना तिथे ९७,४८८ मतं होती. ही तुलना इतकी सोपी आहे की लोक तिथेच थांबतात. पण फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर बुश आणि गोर सोडून आठ उमेदवार होते आणि त्या आठही जणांना ५३७ पेक्षा जास्त मतं पडली होती. सगळ्यात तळाच्या, सोशलिस्ट वर्कर्स पक्षाच्या उमेदवारालाही ५६२! मायकेल हेरन आणि जेफ्री लुईस या अभ्यासकांनी फ्लोरिडातल्या लाखो मतपत्रिका तपासून दाखवलं की नेडर नसते तर त्यांच्या मतदारांपैकी साधारण ६० टक्के गोर यांच्याकडे आणि ४० टक्के बुश यांच्याकडे गेले असते. फरक राहतो २० टक्क्यांचा, म्हणजे सुमारे साडेएकोणीस हजार मतांचा. गोर जिंकायला तेवढा पुरेसा होता, हे मान्य. पण "नेडरचे सगळे मतदार गोरचेच" हे गृहीतक चूक आहे.

मला मात्र नेडरपेक्षा फ्लोरिडातली पाम बीच काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जास्त खुणावते.

१९९८ मध्ये फ्लोरिडाने राज्यघटना दुरुस्त करून लहान पक्षांना मतपत्रिकेवर येणं सोपं केलं. चांगलं पाऊल होतं. परिणाम असा की २००० मध्ये अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या दहा जोड्या मतपत्रिकेवर आल्या. पाम बीच काउंटीत वयस्कर मतदार भरपूर. दहा जोड्या एकाच पानावर एकाखाली एक छापायच्या तर अक्षरं बारीक करावी लागणार. म्हणून तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांनी चांगल्या हेतूने अक्षर मोठं ठेवलं आणि नावं दोन पानांवर वाटली: डावीकडे सहा, उजवीकडे चार आणि मधल्या पट्टीत छिद्रांची एकच उभी रांग. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते म्हणून हिला बटरफ्लाय बॅलट म्हणतात.

मतदान कसं करायचं? यंत्रात एक कार्ड सरकवायचं, वर या पानांची पुस्तिका येते, आणि हव्या त्या उमेदवाराच्या बाणासमोरच्या छिद्रात टोचणी खुपसून कार्डाला भोक पाडायचं. आता रांग नीट बघा. डाव्या पानावर सगळ्यात वर बुश, त्यांचा बाण ३ नंबरच्या छिद्राकडे. डाव्या पानावर दुसरे गोर. साहजिकच मतदाराचा हात वरून दुसऱ्या छिद्राकडे जातो. पण ते दुसरं छिद्र, ४ नंबरचं, उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं! ते पेरो यांनी काढलेल्या रिफॉर्म पक्षाचे उमेदवार, कडवे उजवे. गोर यांचं छिद्र त्याखालचं, ५ नंबरचं. आणि त्याखालचं ६ नंबरचं पुन्हा उजव्या पानाचं, सोशलिस्ट पक्षाच्या डेव्हिड मॅकरेनॉल्ड्स यांचं.

निकाल आला तेव्हा पाम बीचमध्ये ब्यूकॅनन यांना ३,४०० हून अधिक मतं होती. फ्लोरिडातल्या ६७ काउंट्यांमध्ये त्यांना मिळालेल्या एकूण मतांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या या काउंटीतला. जवळपास तेवढ्याच मतदारांच्या पिनेलास काउंटीत त्यांना हजाराच्या आसपास मतं, शेजारच्या, पाम बीचहून मोठ्या ब्रॉवर्डमध्ये आठशेच्या आत. पाम बीचमध्ये ज्यू वस्ती मोठी, आणि ब्यूकॅनन यांच्या विधानांनी ज्यू समाज दुखावलेला. बुश यांच्या प्रवक्त्याने सांगितलं की पाम बीच हा ब्यूकॅनन यांचा बालेकिल्लाच आहे. खुद्द ब्यूकॅनन मात्र टीव्हीवर म्हणाले की यातली बरीच मतं आपली नसावीत.

पण "विचित्र वाटतं" म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा कसा उभा राहिला, हा माझ्या मते निवडणुकांच्या विज्ञानातला सर्वांत देखणा प्रसंग आहे.

सुरुवात साध्या गणिताने करू. पाम बीच सोडून उरलेल्या फ्लोरिडात ब्यूकॅनन यांना साधारण ०.२५ टक्के मतं मिळाली. पाम बीचमध्ये सुमारे ४ लाख ३३ हजार मतं पडली. त्याच दराने तिथे ११०० च्या आसपास मतं अपेक्षित. नाणं उडवण्यासारख्या प्रयोगात येतो तो योगायोगाचा चढउतार मोजायला प्रमाण विचलन काढतात. इथे ते ११०० च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे ३३. प्रत्यक्ष मतं अपेक्षेपेक्षा सुमारे २३०० ने जास्त, म्हणजे ७० प्रमाण विचलनं दूर. तीन-चार विचलनांनाही आपण दुर्मीळ म्हणतो.

पण हा हिशोब पुरेसा प्रामाणिक नाही. तो धरून चालतो की प्रत्येक मतदार सारखाच आणि सुटा सुटा. प्रत्यक्षात काउंट्या एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात. कुठे शेतकरी जास्त, कुठे निवृत्त लोक, कुठे आधीपासून रिफॉर्म पक्षाचं वजन. त्यामुळे खरा चढउतार द्विपद वितरणाच्या, म्हणजे नाणं उडवण्याच्या त्या गणिताच्या, भाकितापेक्षा कितीतरी मोठा असतो. याला अतिविखुरण म्हणता येईल. मग मॉडेलमध्ये मागच्या निवडणुकांतली मतं आणि लोकसंख्येची वैशिष्ट्यं घालायची, अतिविखुरणाचा आकडा त्याच माहितीतून काढायचा आणि मग बघायचं की पाम बीच अजूनही मॉडेलने आखलेल्या अपेक्षेच्या रेषेबाहेर आहे का. इथे आणखी एक मेख आहे. पाम बीचचा आकडा इतका टोकाचा की तो अपेक्षेची ही रेषाच (रिग्रेशनची रेषा) स्वतःकडे ओढून घेतो, आणि ओढलेल्या रेषेवरून मोजलं तर तोच कमी टोकाचा दिसतो. म्हणून रोबस्ट पद्धती वापरतात: रेषा आखताना टोकाच्या बिंदूचं वजन कमी करायचं, पण अंतर मोजताना त्याला सूट द्यायची नाही. जोनाथन वँड आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी डिसेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच केलं. पाम बीच रेषेच्या खूप बाहेरच राहिलं.

हे गणित डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, कारण यापुढचा पुरावा कोणालाही पटेल असा आहे.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर न येता घरून मत पाठवणाऱ्यांना पाम बीचमध्ये फुलपाखरू मतपत्रिका मिळालीच नव्हती. त्यांच्या मतपत्रिकेवर नावं सरळ एकाखाली एक होती. काउंटी तीच, उमेदवार तेच, निवडणूक तीच, बदलली ती फक्त मांडणी. प्रयोगशाळेतही याहून स्वच्छ प्रयोग क्वचितच जमतो. निष्कर्ष असा की केंद्रावरच्या मतांमध्ये ब्यूकॅनन यांचा वाटा घरून आलेल्या मतांमधल्या वाट्याच्या चौपट होता.

कोणी म्हणेल, घरून मत देणारे लोकच वेगळ्या धाटणीचे असतील. रास्त शंका. मग तसा फरक इतर ६६ काउंट्यांमध्येही दिसायला हवा. अभ्यासकांनी तेही तपासलं. दुसऱ्या एकाही काउंटीत ब्यूकॅनन यांच्या दोन वाट्यांमध्ये दखल घेण्याजोगा फरक नव्हता.

त्याहून पुढे जाऊन त्यांनी एकेक मतपत्रिका पाहिली. मतदान गुप्त असतं, पण एकाच कार्डावर अध्यक्ष, सिनेटर आणि इतर पदांसाठीची भोकं असतात. मतदार कोण हे न कळताही त्याच्या आवडींचा नमुना दिसतो. ब्यूकॅनन यांचा खरा समर्थक रिफॉर्म पक्षाच्या इतर उमेदवारांच्या मतदारांसारखा दिसायला हवा. पाम बीचमध्ये उलटंच घडलं. केंद्रावर ब्यूकॅनन यांना मत देणाऱ्यांचा कल सिनेटसाठी डेमोक्रॅट बिल नेल्सन यांच्याकडे होता, आणि ब्यूकॅनन यांची मतं डेमोक्रॅट वस्त्यांमध्ये वाढत जात होती. अभ्यासाचा निष्कर्ष: मांडणीमुळे २,००० पेक्षा जास्त डेमोक्रॅट मतदारांनी चुकून ब्यूकॅनन यांना मत दिलं. बुश यांची आघाडी ५३७ ची.

शिवाय बाद मतं वेगळीच. काउंटीत १९ हजारांहून अधिक मतपत्रिकांवर अध्यक्षपदासाठी एकापेक्षा जास्त भोकं होती. 'पाम बीच पोस्ट' या वर्तमानपत्राच्या पाहणीत त्यांपैकी ५,३३० मतपत्रिकांवर गोर आणि ब्यूकॅनन ही जोडी सापडली, तर २,९०८ वर गोर आणि मॅकरेनॉल्ड्स. राजकीयदृष्ट्या या जोड्यांना काही अर्थ नाही, पण ४, ५, ६ ही शेजारशेजारची छिद्रं आहेत हे आठवलं की लगेच उलगडा होतो. काहींनी चूक लक्षात आल्यावर बरोबर छिद्रही पाडलं असेल. काहींना अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन भोकं पाडायची असं वाटलं असेल. पानावर "गटाला मत द्या" असंच छापलं होतं.

संख्याशास्त्राचं नाव घेऊन काहीही खपवणारेही असतात, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. २०२० च्या निवडणुकीनंतर बेनफर्डच्या नियमाचे आलेख समाजमाध्यमांवर धडाधड फिरले. मतांच्या आकड्यांतला पहिला अंक ठरावीक प्रमाणात येत नाही, म्हणजे घोटाळा, असा दावा. मतदान केंद्रं साधारण सारख्या आकाराची असली की पहिला अंक तो नियम पाळतच नाही. त्यात संशयास्पद काही नाही. हे जाहीरपणे लिहून सांगणाऱ्यांत वॉल्टर मीबेन होते, पाम बीचच्या अभ्यासातल्या सहा जणांपैकी एक. आकडा विचित्र दिसला की आरोळी ठोकायची, आणि आकडा विचित्र दिसला की तुलनेसाठी दुसरा गट शोधायचा, या दोन वाटांमधलं अंतर फार मोठं आहे.

पाम बीचच्या मतदारांना न्याय मिळाला का? नाही. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००० च्या सुरुवातीलाच त्या मतपत्रिकेविरुद्धचे दावे फेटाळले. २००० मतं चुकून गेली हे सिद्ध करता येतं, पण ती कोणती हे सांगता येत नाही, त्यामुळे ती परत फिरवताही येत नाहीत. भोकं पाडायची कार्डं फ्लोरिडाने पुढच्याच वर्षी बंद केली. मांडणीचे प्रश्न मात्र संपले नाहीत. २०१८ मध्ये ब्रॉवर्ड काउंटीत सिनेटची लढत मतपत्रिकेच्या डाव्या रकान्यात लांबलचक सूचनांच्या खाली छापली गेली आणि हजारो मतदारांनी ती कोरीच सोडली. राज्यभरात दहा हजारांच्या आसपास मतांनी हरले ते हेच बिल नेल्सन.

आपल्याकडे हे वाचून साताऱ्याची आठवण होणारच. २०२४ च्या लोकसभेत तिथे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि पिपाणी चिन्हाच्या उमेदवाराला ३७,०६२ मतं मिळाली. शिंदे यांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. दिंडोरीत विजयी उमेदवाराचंच आडनाव आणि पिपाणी हे चिन्ह असलेल्या अपक्षाने लाखाहून जास्त मतं घेतली. चिन्हांच्या गोंधळामुळे मतं गेली असा दावा पक्षाने केला. शंका रास्त आहे, पण आज तरी ती पाम बीचच्या पहिल्या पायरीवर आहे: आकडा अपेक्षेपेक्षा मोठा. पुढच्या पायऱ्या चढायला लागणारी बरीच माहिती उपलब्ध आहे. अंतिम निकालपत्रकात, म्हणजे फॉर्म २० मध्ये, केंद्रनिहाय मतं मिळतात. पिपाणीची मतं तुतारीवाल्या पक्षाच्या जोरदार केंद्रांवर वाढतात का, आणि जिथे पिपाणीसमोर तुतारी नव्हतीच अशा मतदारसंघांमध्ये त्याच चिन्हाला किती मतं पडली, एवढं मांडलं तरी चित्र बरंच स्पष्ट होईल. संख्याशास्त्राच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हा प्रकल्प जरूर घ्यावा.