बेर्न

बेर्न : मूल, लेकरू या अर्थाचा प्रेमळ शब्द. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये तो रोजच्या बोलण्यात आहे. लाडाने त्याचे ‘बेर्नी’ होते. ग्लासगो आणि स्कॉटलंडच्या पश्चिम भागात त्याऐवजी ‘वेन’ म्हणतात. ‘वी’ म्हणजे इवले आणि ‘एन’ म्हणजे एक, यांचा तो जोडशब्द.

‘बेर्न’ला स्कॉटिश बोलीतला शब्द म्हणून ओळखतात; ही ओळख अपुरी आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘बेआर्न’ या रूपात उत्तरेप्रमाणे दक्षिणेतही होता. आजच्या ‘चाइल्ड’चे तेव्हाचे रूप मुख्यतः तान्ह्या बाळासाठी वापरत, तर ‘बेआर्न’ म्हणजे कोणाचे तरी अपत्य, मग ते वयाने केवढेही असो. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात राक्षसांशी झुंजणारा नायक बोलायला उभा राहिला, की कवी त्याला पुन्हा पुन्हा ‘एज्थेओचा बेआर्न’ म्हणतो. रणातला वीरही बापाचा लेक म्हणूनच ओळखला जावा, हे त्या शब्दाचे खरे वैभव.

दक्षिणेत पुढे ‘चाइल्ड’ने त्याची जागा घेतली. उत्तरेत ९व्या शतकापासून वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतही मुलाला ‘बार्न’च म्हणत, त्या आधाराने तो तिथे टिकला. डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश व आइसलँडिक भाषांत ‘बार्न’ आजही रूढ आहे. स्वीडिशमध्ये नातवंडाला ‘बार्नबार्न’, म्हणजे लेकराचे लेकरू, असे गोड नाव आहे. धान्याच्या कोठाराला इंग्रजीत ‘बार्न’ म्हणतात, पण त्याचा येथे संबंध नाही. तो ‘जवाचे घर’ अशा अर्थाच्या जुन्या समासातून आला.

या शब्दाचे मूळ ‘वाहणे, धारण करणे’ या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूत आहे. जन्म देणे या अर्थाचे इंग्रजी ‘बेअर’ हे क्रियापद आणि ‘बर्थ’ त्याच कुळातले. संस्कृत ‘भृ’ हाही तोच धातू, आणि मराठीतले ‘भार’ व ‘भरणपोषण’ त्याच्यापासूनच आले. बेर्न म्हणजे आईने पोटात वाहिलेले.

शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये टाकून दिलेली पर्डिटा म्हाताऱ्या मेंढपाळाला सापडते, तेव्हा त्याच्या तोंडी ‘बार्न’ हाच शब्द येतो. स्कॉटलंडमधील फॉलकर्क गावचे रहिवासी स्वतःला ‘बेर्न’ म्हणवतात, आणि तेथील फुटबॉल संघाचे टोपणनावही तेच. ‘आपण सारे जॉक टॅमसनची बेर्न’ ही म्हण स्कॉटलंडमध्ये सर्व माणसे सारखीच, असे सांगण्यासाठी वापरतात.