धडपडणे

धडपडणे : अकर्मक क्रियापद. (१) ठेच लागून किंवा तोल जाऊन पडणे. (२) एखादी गोष्ट साधावी म्हणून जिवाच्या कराराने खटाटोप करणे. यांतला दुसरा अर्थ आकांक्षेचा आणि पहिला आपटण्याचा. दोन्ही एकाच शब्दात सुखाने नांदतात.

महत्त्वाकांक्षेला मराठीत स्वतःचे क्रियापद नाही. महत्त्वाकांक्षा बाळगावी लागते, आकांक्षा धरावी लागते, हाव सुटते, ईर्षेने पेटावे लागते. सगळी नामेच, दुसऱ्या क्रियापदाच्या खांद्यावर बसून फिरणारी. 'झटणे' आहे, पण माणूस झटतो तो गावासाठी, संस्थेसाठी, लेकरांसाठी. 'तो स्वतःसाठी झटला' हे कानाला खटकते. स्वतःचे काही व्हावे म्हणून जो राबतो त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यात उरते ते धडपडणेच.

कोणता अर्थ घ्यायचा हे बहुधा काळ ठरवतो. 'तो धडपडतोय' म्हटले की कोणी त्याच्या गुडघ्याकडे पाहत नाही; नोकरी, धंदा, परीक्षा यांपैकी काहीतरी चालले आहे हे कळते. 'तो धडपडला' म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'लागलं का?' साधा भूतकाळ आला की प्रयत्न गळतो आणि पडणे शिल्लक राहते. झालेला प्रयत्न सांगायचा तर 'खूप धडपडला', 'नोकरीसाठी धडपडला' असे काही जोडावे लागते, नाहीतर नामाकडे वळून 'त्याने धडपड केली' म्हणावे लागते. आज्ञार्थातही हीच गंमत. मुलाला उत्तेजन द्यायचे तर 'धडपड कर'. 'धडपडू नकोस' हे मात्र अंगणात पळणाऱ्या पोरासाठी. प्रयोजक रूप कोणी वापरत नाही. माणसाला पळवता येते, रडवता येते, पाडताही येते. 'धडपडवता' येत नाही.

कर्ता सजीव आणि इच्छा असलेला लागतो. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात. झाडे धडपडली असे कोणी म्हणत नाही, बागवान मात्र पंचनामा व्हावा म्हणून धडपडतो. ध्वनीने जवळची क्रियापदे अर्थाने वेगळ्या वाटेने जातात. तडफडण्यात वेदना आहे पण दिशा नाही. फडफडणे पंखांचे आणि कागदाचे. चडफडणे म्हणजे डाव हुकल्यावरचा आतल्या आतला राग. ते पुष्कळदा धडपडण्याच्या मागून येते. 'खटपट' अर्थाने शेजारची, पण तिला थोडा डावपेचाचा वास आहे. खटपट्या माणूस साहेबाच्या केबिनबाहेर दिसतो, धडपड्या माणूस रांगेत.

खानदेशात हे क्रियापद पहाटे नीट पाहता येते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, तालुक्याच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर, उजाडायच्या आधी पोलीस भरतीची पोरे धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ धुळ्यातच असल्याने काही जण ५ किलोमीटरचीही तयारी करतात. मोबाइलची बॅटरी एकाच्या हातात, बाकीचे तिच्या उजेडामागे. चहाच्या टपरीवर कोणी विचारले, 'काय भो, पोऱ्या काय करस?' तर बाप म्हणतो, 'भरतीनी धडपड करी राह्यना.' अहिराणीतल्या या चालू काळात 'धडपड' हे नामच जास्त चालते आणि क्रिया 'करी राह्यना'कडे जाते. हाच पोऱ्या खड्ड्यात पाय जाऊन आपटला तर तो नुसता 'पडना'. प्रमाण मराठीने दोन्हींना एकच क्रियापद दिले. अहिराणी बोलणारा बाप बोलताना ते वेगळे ठेवतो. मला त्याची सोय जास्त शहाणी वाटते.

या शब्दाला साहित्यात प्रतिष्ठा मिळाली तीही खानदेशच्या मातीतून. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, मुले त्यांना गुरुजी म्हणू लागली, आणि १९३० मध्ये सविनय कायदेभंगासाठी त्यांनी नोकरी सोडली. मूळचे कोकणातल्या पालगडचे हे गृहस्थ कार्यकर्ते झाले ते इथे. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी, म्हणजे खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनासाठी, ते खानदेशात राबले. त्यांच्या कादंबरीचे नाव 'धडपडणारी मुले'. नावातले रूप पाहण्याजोगे आहे. 'धडपडलेली' असते तर मुले पडून राहिली असती. '-णारी' या प्रत्ययाने क्रिया संपूच दिली नाही. तोवर धडपडणारे मूल म्हणजे घरात भांडी पाडणारे, स्वस्थ न बसणारे मूल. त्याच शब्दाला या नावाने ध्येयाची बाजू ठळक करून दिली. संस्थांच्या अहवालांत आणि सत्काराच्या भाषणांत 'धडपडणारी मुले' इतकी रुळली आहेत की बोलणाऱ्याला आता पुस्तकाची आठवणही नसते.

'धडपड्या' या विशेषणाची खरी किंमत मात्र लग्नाच्या बोलणीत कळते. 'मुलगा मोठा धडपड्या आहे' असे मध्यस्थाने सांगितले की मुलीकडची मंडळी समजून घेतात : पगाराची स्लिप नाही. शेती दोन-चार एकर, शेजारी मोबाइल रिपेअरिंगचे दुकान किंवा केळीच्या गाड्या भरून देण्याचे काम, आणि अधूनमधून एखादी परीक्षा. शब्द स्तुतीचाच आहे, पण ज्याचे अजून काही जमलेले नाही त्याच्यापुरता राखलेला. कलेक्टरच्या मुलाला कोणी धडपड्या म्हणत नाही. मुलींसाठी तेच विशेषण येते तेव्हा त्यात किंचित काळजी मिसळते. 'फार धडपडी आहे हो' हे वाक्य कौतुकाचे की तक्रारीचे, हे सासूच्या सुरावरून ठरते.

यशाबरोबर क्रियापद बदलते. निकाल लागला की स्थानिक वर्तमानपत्रात 'गरुडझेप', 'गवसणी', 'घवघवीत' हे शब्द येतात. उद्योगपती झेप घेतात, पुढारी मुसंडी मारतात. धडपडतात ते बाकीचे. मग चौकात फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होते आणि नवा फौजदार माइकसमोर उभा राहून 'माझ्या धडपडीच्या काळात' असे म्हणतो. तिथे फक्त नाम उरलेले असते. क्रियापद त्या वेळी मंडपाच्या मागच्या खुर्च्यांवर, पहाटे त्याच्याबरोबर धावणाऱ्यांकडे असते.