गाडीची चावी मोडली? तुकडे टाकू नका, चिप जपा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडीची चावी मोडली की बहुतेक जण थेट शोरूमला फोन लावतात, अख्ख्या नव्या चावीचा भाव ऐकतात आणि नाइलाजाने तो भरतात. पुष्कळदा त्याची गरज नसते. चिपच्या चावीत तीन वेगळ्या वस्तू असतात: कुलपात फिरणारं पातं, दारं उघडणारा रिमोट आणि इंजिनाला परवानगी देणारी चिप. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर त्यांना एकत्र धरतं, आणि सगळ्यात आधी तुटतं ते हेच. जे मोडलं तेवढ्याचेच पैसे लागावेत, असं आम्हा चावीवाल्यांना मनापासून वाटतं.

चिप करते काय?

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा छोटासा काळा तुकडा. काही चाव्यांत ती रिमोटच्या सर्किटमध्येच बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्या वेटोळ्यातून चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख गाडीच्या कॉम्प्युटरला कळवते. ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. यालाच इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांत त्याचं नाव आयकॅट्स. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी पात्याची चावी फिरवून गाडी सुरू होते. आणि म्हणूनच बिनचिपची डुप्लिकेट चावी दार उघडते, पण गाडी सुरू करून देत नाही.

सर्वांत जास्त फसगत इथे होते

ऑनलाइन मागवलेलं नवं कव्हर घरी बसवताना लोक रिमोटचं सर्किट काढून घेतात, बटणं चालतात का ते बघतात आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकतात. चिप मात्र त्या जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात, वेगळ्या खाचेत चिकटलेली असते. मग गाडी सेल्फ घेते पण धरत नाही, किंवा सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते, आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो. काहीशे रुपयांचं काम अशा वेळी काही हजारांवर जातं. कव्हर बदला जरूर, पण गाडी नव्या कव्हरवर नीट सुरू होईपर्यंत जुन्याचा कपटाही टाकू नका.

तसंच मोडलेली चावी फेविक्विकने जोडू नका. गोंद आत उतरला की काचेची चिप सोडवताना फुटू शकते.

काय मोडलंय, त्यावर खर्च

फक्त कव्हर किंवा फ्लिप (दुमडणाऱ्या) चावीचा खटका गेला असेल, तर नवं कव्हर घालून पातं, सर्किट आणि चिप त्यात हलवतो. प्रोग्रामिंग लागत नाही. हे सगळ्यात स्वस्त काम.

पातं तुटून तुकडा कुलपात अडकला असेल, तर तो पिनेने किंवा स्क्रूड्रायव्हरने उकरू नका. तो आत जातो आणि कुलूपच बदलायची वेळ येते. तुकडा बाहेर काढून दोन्ही भाग जुळवले की नवं पातं कापता येतं. नवी गाडी घेताना चावीसोबत नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळाली असेल तर ती आणा. झिजलेल्या चावीवरून कापलं की झीजही नव्या पात्यात उतरते. नंबरावरून कापलेलं पातं मूळ मापाचं येतं.

चिपच हरवली किंवा फुटली, तर दोन मार्ग. दुसरी चावी चालू असेल तर अनेक गाड्यांत तिच्या चिपची नक्कल करता येते. गाडीला ती जुनीच चावी वाटते. किंवा स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणी करायच्या जागेला) यंत्र जोडून नवी चिप कॉम्प्युटरमध्ये नोंदवायची. यात खर्च जास्त, पण अनेक गाड्यांत हरवलेल्या चावीची नोंद काढून टाकता येते. चावी हरवली असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवतो, कारण नक्कल केल्यावर हरवलेली चावी चालूच राहते.

काही नव्या गाड्यांची चिप आमच्याकडे होत नाही. तसं असेल तर आधीच सांगून शोरूमला पाठवतो.

दोन्ही चाव्या गेल्या तर काम सगळ्यात महाग पडतं. हातात एकच चावी असेल तर ती चालू आहे तोवरच दुसरी करून घ्या.

बटण-स्टार्ट गाडी सुरू होत नसेल तर आधी रिमोटचा सेल बदलून पाहा. वाटेत सेल संपला तर रिमोटच्या आत लपवलेल्या पात्याने दार उघडा आणि रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू करा. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

येताना काय आणाल

मोडलेले सगळे तुकडे, चालू असलेली दुसरी चावी, गाडीचं आरसी आणि मालकाचं ओळखपत्र. कागद पाहिल्याशिवाय आम्ही चिपचं काम करत नाही, ओळखीच्या माणसाचंही नाही. चावी हरवली असेल तर पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत आणा. विम्याचे कागदही एकदा चाळा: चावी बदलण्यासाठीचं जादा विमा संरक्षण घेतलेलं असेल तर खर्च विमा कंपनीकडून मिळू शकतो, पण त्यासाठी काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवावं लागतं.

गाडी जागची हलत नसेल तर नाशिक शहरात, तसंच ओझर, सिन्नर आणि त्र्यंबकपर्यंत आम्ही गाडीपाशी येतो. चावी बघून रक्कम आधी सांगतो. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच काम सुरू.